हिचा पासपोर्ट तिजोरीत असताना

मी पेरूला गेलो तो इंकांचे अवशेष बघायला नव्हे, एका माणसावर नजर ठेवायला. चार दिवस डोंगरातून चाललो, चार हजार दोनशे मीटरची खिंड चढलो, आणि माचू पिच्चूच्या दारात उभा राहिलो तेव्हाही माझं लक्ष समोरच्या भिंतींपेक्षा त्या माणसाच्या पाठीवरच्या सॅककडे होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी आलेल्यांना मी फोटो दाखवतो आणि उंचीवर धाप कशी लागते ते सांगतो.

माझा स्वभाव मुळातच संशयी, त्यात पोटापाण्याचं कामही तसंच मिळालं. शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये पोलादी सांगाडे बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटी कंट्रोलला होतो. दुसऱ्याने केलेलं वेल्डिंग तपासायचं, वरून गुळगुळीत दिसणाऱ्या जोडात आत कुठे चीर आहे का ते मशीन लावून शोधायचं, आणि सापडली की खडूने त्याभोवती गोल करायचा. पंधरा वर्षं हे केलं की माणूस भाजीच्या जुडीकडेही त्याच नजरेने बघायला लागतो. बायको म्हणायची, तुमच्याशी बोलून झालं की अंगावर कुठे खडूचा गोल उमटलाय का ते आरशात बघावं लागतं.

ज्याच्यावर नजर ठेवायची तो माझा मित्र. मूळचा पुण्याचा, आमच्याच कंपनीत डिझाइनला, आणि राहायला आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर. त्याची मुलगी आणि आमची एका वर्गात, त्याच्या बायकोचं आणि हिचं रोजचं जाणं-येणं. पुण्यात असताना तो दर रविवारी एक गड चढायचा. इथे आल्यापासून त्याचे पाय शिवशिवत असत. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात, अजून सगळीकडे नुसती भरभराट होती तेव्हा, एका शुक्रवारी आमच्या घरी जेवताना त्याने इंका ट्रेलचा विषय काढला. चार दिवसांची पायवाट, सोबत गाइड आणि हमाल, रोज ठरावीक माणसांनाच सोडतात म्हणून बुकिंग कितीतरी आधी करायचं. परवान्यावर नाव आणि पासपोर्ट नंबर छापलेला, त्यामुळे एकाच्या जागी दुसऱ्याला जाता येत नाही. चौघांनी हात वर केले. चौथा मी, आणि तोही बिर्याणीची तिसरी प्लेट समोर होती म्हणून. माझं वजन तेव्हा ब्याण्णव किलो होतं.

हिवाळा लागेपर्यंत सगळं पालटलं. आम्ही ज्या टॉवरांना पोलाद पुरवत होतो ते निम्म्यावर थांबले, वरच्या क्रेन तशाच हात पसरून उभ्या राहिल्या. आमच्या चौघांपैकी दोघांना जानेवारीतच घरी पाठवलं. कर्जं मागे टाकून पळालेल्यांच्या, एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या गाड्यांच्या गोष्टी रोज ऐकू यायच्या. आमच्या बिल्डिंगखालीही तशा तीन होत्या, आणि वॉचमन त्या कुणाकुणाच्या ते आवाज खाली आणून सांगायचा. ‘जरा घरी जाऊन येतो’ असं कुणी म्हटलं की बाकीचे एकमेकांकडे बघत. रजेवर गेलेला परत येईलच असं कुणी धरून चालत नव्हतं.

मार्चअखेर शाळेचं वर्ष संपलं तसं मित्राने बायको-मुलीला पुण्याला पाठवून दिलं, फ्लॅट सोडला आणि दुबईत देऱ्याला एका खोलीत तिघांबरोबर राहायला गेला. एप्रिलमध्ये त्याने राजीनामा दिला. मॅनेजरने तो घेतला नाही. हातात राहिलेलं एकच मोठं काम त्याच्या टेबलावर होतं आणि नवा माणूस आणायला मनाई होती. कंत्राटाचं दीड वर्ष बाकी आहे, ते भरा आणि जा, असं त्याला सांगण्यात आलं. संध्याकाळी तो कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, ‘खलास. चल, निदान पेरू तरी करून येऊ.’

मला तेव्हाच खटकलं. राजीनामा नाकारलेला माणूस डोंगर चढायच्या गोष्टी करतो म्हणजे काय?

इथे एक पद्धत सांगायला हवी. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट एचआरच्या तिजोरीत असत. तसं ठेवणं कायद्याला धरून नव्हतं असं सगळे म्हणत, आणि सगळे ठेवूनही घेत. रजा मिळाली की अर्ज करायचा, सही करायची, पासपोर्ट न्यायचा, आल्यावर परत जमा करायचा. मंदीनंतर त्यात एक नवी अट आली. जाणाऱ्याच्या बदल्यात दुसऱ्या कुणाचा तरी पासपोर्ट तिजोरीत ठेवायचा, गॅरंटी म्हणून. गेलेला परत आला की तो सुटणार, नाही आला तर अडकून पडणार. बिनपगारी रजा कंपनी आनंदाने देत होती. पासपोर्टच्या बाबतीत मात्र एचआर मॅनेजरचा चेहरा बदलायचा.

आम्ही दोघं त्याच्यासमोर बसलो. त्याने आधी माझा अर्ज बघितला आणि हसून म्हणाला, ‘आपका नो प्रॉब्लेम सर. वाइफ इधर है, बेटी इधर है. आप किधर जाओगे.’ मग मित्राचा कागद उचलला. ‘और इनका? इनका कौन है इधर?’

ऑफिसात मित्राने सहा-सात जणांना विचारलं. प्रत्येकाने काहीतरी कारण सांगितलं. कुणाची आई आजारी, कुणाच्या घरी लग्न. इन्शाल्ला पुढच्या वेळी नक्की, असं एकजण म्हणाला. मी तर विषयच टाळला. मनातून मला बरं वाटलं, कारण तो अडला म्हणजे माझीही सुटका झाली. घरी जेवताना मी ही हकीकत सांगितली, मोठ्या समाधानाने. हिने ताट बाजूला सारलं, आत गेली, कपाटातून स्वतःचा पासपोर्ट आणला आणि माझ्या भाताच्या वाडग्याशेजारी ठेवला.

‘भावजींना हा द्या,’ ती म्हणाली.

जून महिन्यात हिच्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण होतं. पहिली खेप. या दोघींना आई नाही. मोठी बहीण येऊन राहणार, या एका शब्दावर ती धाकटी दिवस काढत होती, रोज फोन करून तिकीट काढलंस का विचारत होती. मे महिन्यात पासपोर्ट तिजोरीत गेला आणि मित्र परत आलाच नाही, तर ही शारजात अडकणार आणि तिकडे बहीण एकटी. मी हे सगळं बोललो, आवाज चढवून बोललो. ही शांतपणे म्हणाली की ते परत येतील, आणि तुम्ही बरोबर आहातच की.

तेव्हा मी ठरवलं की जायचं. इंकांशी मला काही देणंघेणं नव्हतं. हिचा पासपोर्ट ज्याच्या भरवशावर तिजोरीत जाणार होता, त्याला एक दिवस, एक तास नजरेआड होऊ द्यायचं नाही, एवढाच माझा कार्यक्रम होता.

त्यानंतर मी पुरावे गोळा करायला लागलो. त्याने गाडी विकली. टीव्ही खोलीतल्या माणसाला देऊन टाकला. एका शुक्रवारी तो बर दुबईला देवळात जाऊन येतो म्हणाला, आणि संध्याकाळी आमच्या घरी आला तेव्हा हातात मीना बाजारच्या चार पिशव्या. बदाम, टँगचे डबे, बाम, अत्तराच्या बाटल्या. गावी जाणारा माणूस जे जे नेतो ते सगळं. पेरूला बदाम कशाला, मी विचारलं. वाटेत खायला, तो म्हणाला. दोन किलो? मग आमच्या मुलीने भर घातली. ‘बाबा, अंकल टुक माय शू साइझ,’ ती म्हणाली. त्या पिशवीत टाचेत लाल दिवे लागणारे लहान मुलीचे बूट होते. मी त्याच्याकडे बघितलं. देईन तिकडे कुणाला तरी, असं म्हणत त्याने पिशवी बांधली.

एअरपोर्टवर ही आणि मुलगी सोडायला आल्या. मी ट्रॉली आणायला गेलो तेवढ्यात ही त्याच्याशी बाजूला काहीतरी बोलत होती. लांबून मला एवढंच दिसलं की तो मान खाली घालून ऐकतोय. मी जवळ गेलो तेव्हा दोघं गप्प झाले. नीट जा, पाणी पीत राहा, असं ती मला म्हणाली.

दोन विमानं बदलून, लिमा करून आम्ही कुस्कोला पोचलो. गाव मुळातच साडेतीन हजार मीटरवर. हॉटेलचा जिना चढताना मला तीनदा थांबावं लागलं. उंचीची सवय व्हावी म्हणून दोन दिवस तिथेच काढायचे होते. त्या दोन दिवसांत मित्र रोज कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानात जाऊन काचेच्या खोक्यात अर्धा-अर्धा तास बोलायचा. मी बाहेर बाकावर बसून कोकाच्या पानांचा चहा प्यायचो आणि त्याचे ओठ बघायचो. निघायच्या आदल्या दिवशी तो अंघोळीला गेला असताना मी त्याची सॅक उघडली. लाज वाटते सांगायला, पण उघडली. तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल होती. त्यात त्याची डिग्री, मार्कलिस्टा, आधीच्या नोकऱ्यांचे दाखले. सगळ्या मूळ प्रती.

डोंगर चढायला मूळ प्रती कोण नेतं? मी सॅक होती तशी बंद केली. एक घाणेरडं समाधान वाटलं, चीर सापडल्यावर वाटतं तसं.

आमचा गाइड चाळिशीचा, बुटका आणि रुंद माणूस होता. दुबईहून आलोय म्हटल्यावर तो तिथे बांधत असलेल्या जगातल्या सगळ्यात उंच टॉवरबद्दल विचारू लागला. गटात आणखी सहा जण होते, त्यांचा या गोष्टीशी संबंध नाही. पहिल्या दिवशी नदीकाठच्या चौकीवर परवाना आणि पासपोर्ट ताडून बघितले, शिक्के मारले आणि झुलत्या पुलावरून आत सोडलं. पूल ओलांडताच मी मित्राला म्हणालो की माझ्याकडे पाण्याने न भिजणारा पाऊच आहे, दोघांचे पासपोर्ट त्यात ठेवू. त्याने लगेच काढून दिला. इतक्या सहज दिला म्हणून मला जास्तच संशय आला. पोटावर तो पट्टा बांधताना मला आमचा एचआर मॅनेजर आठवला. त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की मी घामाघूम झालो होतो.

पहिला दिवस बरा गेला. मित्र पुढे, मी मागे. तो वळणाआड गेला की मी जीव खाऊन पाय उचलायचो. तो थांबला की थांबायचो, पाणी प्यायला की मीही प्यायचो. वाटेत जुन्या वस्त्यांचे चौथरे लागत. मित्र प्रत्येक भिंतीशी थांबे, दगडांच्या सांध्यावरून बोट फिरवी, पाण्याचा पन्हळ कुठून कुठे गेलाय ते शोधी. आपल्या गडांवर टाकी अशीच असतात, असं काहीबाही बडबडे. चुना नाही, माती नाही, नुसते दगडाला दगड घासून बसवलेले. मीही सवयीने एका सांध्यात परवान्याचा कागद सरकवून बघितला. शिरला नाही. अख्ख्या प्रवासात माझ्या संशयाने तेवढी एकच हार खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मेलेल्या बाईची खिंड. खालून बघितली की आडवी पडलेली बाई दिसते म्हणून हे नाव. सकाळपासून उभ्या दगडी पायऱ्या, आणि हवा अशी की श्वास घेतला तरी भरत नाही. मी मरणार हे मला कळून चुकलं होतं. पण खिंड तासाभरावर राहिली असताना वेगळंच घडलं. जो आयुष्यभर गड चढला होता, तो मित्र पायरीवर बसला. चेहरा पांढरा पडला, त्याने दोनदा ओकारी काढली आणि डोकं गुडघ्यांत घातलं.

गाइडने त्याची नाडी बघितली, बोटाला एक लहान मशीन लावलं, थोडा प्राणवायू दिला. अर्ध्या तासाने म्हणाला की प्रकार साधा आहे, उंचीचा त्रास कुणाला होईल याचा नेम नसतो. सावकाश चढला आणि खिंड ओलांडून लगेच पलीकडे उतरला तर जमेल. नाहीतर एक हमाल बरोबर देतो, खाली जाऊ दे, तिथून रेल्वेने कुस्को. मग तो माझ्याकडे वळला. खाली जायचं तर चौकीवर पासपोर्ट लागेल, तो काढून द्या.

मी पाऊचवर हात ठेवला. डोक्यात सगळं लख्ख जुळलं. ओकारी, फाइल, बूट, फोन. हा खाली जाणार, कुस्कोला बॅग उचलणार, आणि मी माचू पिच्चूच्या दारात पोचेपर्यंत हा मुंबईच्या विमानात असणार. हिची बहीण, तिजोरी, जून महिना, सगळं डोळ्यांपुढे आलं. त्या क्षणी माझ्या मनात त्याच्या तब्येतीचा विचार नव्हता, हे मी इथे स्पष्ट लिहितो.

‘तो खाली जाणार नाही,’ मी गाइडला सांगितलं. मग त्याच्यासमोर वाकून म्हणालो, ‘ऊठ. मी आहे ना. यल्ला, चल.’

मी त्याची सॅक काढून पुढच्या बाजूने छातीवर अडकवली. माझी पाठीवर होतीच. त्याचा हात माझ्या खांद्यावर घेतला. वीस पायऱ्या, थांबा. वीस पायऱ्या, थांबा. मोठ्याने मराठीत आकडे म्हणत होतो. माझ्या कानांत ठोके पडत होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण हात सोडला नाही. छातीवर त्या फाइलचा कोपरा टोचत होता आणि प्रत्येक टोचणीला मला नवा जोर यायचा. गाइड मागून येत होता, मध्येमध्ये त्याचे डोळे तपासत होता. दीड तासाने आम्ही खिंडीत उभे राहिलो. वारा असा की उभं राहवेना. मित्राने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाला, ‘तू नसतास तर मी गेलो असतो.’

मला तो कबुलीजबाबच वाटला.

पलीकडे उतरताच त्याला बरं वाटायला लागलं. पुढचे दोन दिवस मी त्याला आणखी चिकटलो. जेवायला शेजारी, झोपायला शेजारी, तो झुडपाआड गेला तरी मी वाटेवर उभा. तो कमी बोलायचा. अधूनमधून माझ्याकडे बघायचा, मग नजर वळवायचा. शेवटच्या दिवशी उजाडताना आम्ही माचू पिच्चूच्या वरच्या अंगाला असलेल्या सूर्यदारापाशी पोचलो. खाली धुकं होतं. ते हळूहळू बाजूला झालं आणि पायऱ्यापायऱ्यांचं ते सगळं गाव वर आलं. मित्राच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी मात्र खाली बसगाड्या कुठे उभ्या राहतात ते शोधत होतो. माझ्या कॅमेऱ्यातल्या त्या दिवसाच्या जवळजवळ सगळ्या फोटोंत तोच आहे, कुठे पाठमोरा, कुठे भिंतीशी वाकलेला.

कुस्कोला परतल्यावर तो पुन्हा फोनच्या दुकानात गेला. या वेळी बोलणं पाच मिनिटांत संपलं. दुसऱ्या दिवशी गाइड आम्हाला एअरपोर्टला सोडायला आला. मित्राने त्याला घरी कोण कोण आहे विचारलं. मुलगी आहे, सात वर्षांची, असं गाइड म्हणाला. मित्राने बॅग उघडली आणि ते दिव्यांचे बूट त्याच्या हातात दिले. वर बदाम, टँग, बाम, अत्तरं, सगळंच दिलं. गाइडने बुटाची टाच आपटून बघितली, लाल दिवे लागले, तो खूप हसला.

म्हणजे खरंच देण्यासाठीच आणले होते तर, मला वाटलं. मी थोडा ओशाळलो. विमानात पहिल्यांदा शांत झोपलो.

दुबईला उतरल्यावर तिसऱ्या दिवशी आमचे दोघांचे पासपोर्ट तिजोरीत गेले आणि हिचा बाहेर आला. जूनमध्ये ही पुण्याला गेली. बहिणीला मुलगी झाली तेव्हा ही शेजारी होती. सप्टेंबरमध्ये ते राहिलेलं मोठं कामही रद्द झालं. ज्याला दीड वर्ष सोडणार नव्हते त्या मित्राला महिन्याची नोटीस देऊन त्याच्या विभागासकट काढून टाकलं. तो पुण्याला गेला. तिकडेही दिवस वाईट होते, त्याला बरेच महिने नोकरी मिळाली नाही, मिळाली ती लहानशी. मी राहिलो. चिरा शोधणारा माणूस कंपनीला शेवटपर्यंत लागतो. फोनवर बोलताना मी त्याला म्हणायचो की नशीब वाईट, अजून काय. तो हो म्हणायचा.

मग चारेक वर्षांनी हिच्या पासपोर्टची मुदत संपली. बर दुबईच्या सेंटरमधून नवा घेऊन आलो, जुन्याचा कोपरा कापून रद्द केलेला. गाडीत ती तो जुना चाळत बसली होती. मी सहज म्हणालो की हा एकदा भलत्याच्याच गॅरंटीला राहिला होता. तिने तो मिटून मांडीवर ठेवला. मग बोलली.

‘भावजींना पुण्यात जॉब लागला होता. लेटर हातात होतं, एक जूनला जॉइनिंग. त्यांच्या बायकोची आणि माझी रोज बात व्हायची, मला सगळं माहीत होतं. एअरपोर्टवर मी त्यांना सांगितलं, भावजी, लिमाहून डायरेक्ट मुंबई पकडा. माझ्या पासपोर्टचं टेन्शन घेऊ नका. आम्ही बघू काहीतरी.’

मी गाडी बाजूला घेतली. बहिणीचं काय, असं मी विचारलं. तेही बघितलं असतं, ती म्हणाली, त्यांच्या मुलीने दोन महिन्यांत बाबांना पाहिलं नव्हतं.

मग परत का आला, असं मी विचारलं.

‘कुस्कोहून मला फोन केला त्यांनी. म्हणाले, वहिनी, खोटं बोलत नाही, सगळं ठरवून निघालो होतो. खिंडीत खालीच जाणार होतो. पण तुमचा माणूस चार दिवस सावलीसारखा माझ्यामागे होता. स्वतःला धाप लागलेली, तरी माझी सॅक छातीवर घेऊन मला वर नेलं त्याने. सगळे फोटो माझेच काढले. एवढं माझ्यासाठी कुणी केलं नाही. त्याला फसवून मी कुठे जाऊ? येतोय.’ तिने जुना पासपोर्ट पर्समध्ये टाकला. ‘जॉबचं तुम्हाला सांगू नका म्हणाले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.’

बाजूने गाड्या जात होत्या. ती हळू आवाजात म्हणाली, ‘तुम्ही का गेला होता ते मला माहीत होतं. ते मी त्यांना बोलले नाही.’

त्या वर्षी सुट्टीत पुण्याला गेलो. मित्राने रविवारी सकाळी घरी येऊन उठवलं, चल, गडावर. मी मनाशी ठरवून निघालो होतो की आज सगळं सांगायचं. सॅक मी का घेतली होती, फोटो कशासाठी काढले होते, फाइल कधी बघितली होती, सगळं. पायथ्याला सुरुवात करणार होतो, मग म्हटलं, अर्ध्यावर. अर्ध्यावर मला धाप लागली आणि मी दगडावर बसलो. त्याने काही न विचारता माझ्या खांद्यावरून सॅक उतरवून घेतली.

‘दे इकडे,’ तो म्हणाला. ‘तू माझी घेतली होतीस.’

मी दिली. सांगायचं होतं ते तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं. पुढची वाट अरुंद होती. मला पुढे घालून तो मागून चढायला लागला. सवय जाते कुठे, मी दोनदा मागे वळून बघितलं, हा का मागे राहिला म्हणून. मी पाय नीट टाकतोय ना, एवढंच तो बघत होता.